पाठीवरचें ओझें आणि बिनसांगाड्याची पिशवी

इ. स. १९५५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील जॉर्जिया राज्याच्या एका डोंगरावरून सदुसष्ट वर्षांच्या एक आजीबाई चालूं लागल्या. एमा गेटवुड हें त्यांचें नांव. अकरा मुलांची ही माता ओहायो राज्यांत राहणारी. गिर्यारोहणाचें शिक्षण नाहीं, अंगावर खास पोषाख नाहीं, पायांत साधे कॅनव्हासचे बूट. आणि पाठीवर? पाठीवर कांहींच नव्हतें. घरीं शिवलेली जाड कापडाची एक पिशवी त्यांनीं एका खांद्यावर टाकली होती; तींत एक घोंगडी, पावसांत अंगावर घेण्यास न्हाणीघरांतील पडदा, थोडें खाणें आणि किरकोळ वस्तु, एवढाच संसार होता. १४६ दिवसांनीं, सप्टेंबरच्या २५ तारखेस, त्या मेन राज्यांतील काताडिन पर्वताच्या माथ्यावर पोंचल्या. अपलाचियन ट्रेल नांवाचा, आज सुमारें २,१९० मैल भरणारा हा डोंगरमार्ग एका हंगामांत एकटीनें चालून जाणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे.

हलक्या सामानाचे पुरस्कर्ते ही कथा मोठ्या आवडीनें सांगतात, आणि तींत तथ्यहि आहे. मात्र तिचा पूर्वभाग ते बहुधा गाळतात. आदल्याच वर्षीं, म्हणजे १९५४ सालीं, याच बाई मेनच्या बाजूनें निघाल्या असतां रानांत वाट चुकल्या, चष्मा फुटला, शिदोरी संपली, आणि अखेर वनरक्षकांनीं त्यांना घरीं परत जाण्यास सांगितलें. दुसऱ्या वर्षीं यश आलें तें केवळ पिशवी हलकी होती म्हणून नव्हे. वाटेवरील अनोळखी कुटुंबांनीं दारीं आलेल्या या वृद्धेस अनेक रात्रीं आसरा व अन्न दिलें, हेंहि त्याचें कारण होतें. तेव्हां हलकी पिशवी हा कांहीं मंत्र नव्हे. ती हिशेबाची गोष्ट आहे, आणि हिशेब चुकला तर त्याची वसुली खांद्यांकडून होते.

हा हिशेब समजण्यास पिशवींत सांगाडा कां घालतात हें प्रथम पाहिलें पाहिजे. मनुष्याचा खांदा ओझें टांगण्यास फारसा सोयीचा नाहीं. खांदा व मान यांमधील स्नायूंवर पट्ट्याचा दाब तासन्‌तास राहिला कीं ते आंखडतात, हाताला मुंग्या येतात, मान दुखूं लागते. याउलट कंबरेचीं हाडें रुंद व भक्कम असून त्यांच्या खालीं पायांचे बळकट स्नायू आहेत. म्हणून भार खांद्यावरून उतरवून कंबरेवर टेकवावा, ही कल्पना. परंतु कापडाच्या पिशवीस नुसता कंबरपट्टा शिवल्यानें हें साधत नाहीं. पिशवी मधेंच खचते आणि भार पुन्हा खांद्याकडे जातो. तो खालीं पोंचविण्यास मधें कांहीं ताठ वस्तु हवी. कॅलिफोर्नियांतील डिक केल्टी यांनीं १९५२ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट लावलेल्या पाठपिशव्या विकण्यास आरंभ केला; पुढें १९६७ सालीं ग्रेग लो यांनीं ही चौकट पिशवीच्या पोटांत नेली. सह्याद्रींत भटकणारी आपल्याकडील तरुण मंडळी जिला नुसतें ‘सॅक’ म्हणतात, ती मोठ्या मुक्कामाची पिशवी बहुधा या दुसऱ्या जातीची असते.

सांगाड्यानें सोय झाली, पण सोयीच्या मागोमाग खोडहि लागली. कंबर वीस किलो सोसते असें कळल्यावर मनुष्य वीस किलो भरूं लागला. त्या वीस किलोंसाठीं सांगाडा जाड, सांगाड्यासाठीं कापड जाड, पट्ट्यांत गाद्या, गाद्यांवर आणखी पट्टे. होतां होतां रिकामी पिशवीच दोन किलोंच्या घरांत गेली, आणि ती वाहण्यास बूटहि जड घ्यावे लागले. हें चक्र उलट फिरविण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं रे जार्डिन या गृहस्थांस जातें. हे मूळचे विमान व अवकाशयान-उद्योगांतील अभियंते; कातळ चढणाऱ्यांना ते ‘फ्रेंड’ नांवाच्या, फटींत बसवावयाच्या उपकरणाचे जनक म्हणून ठाऊक आहेत. पत्नी जेनी यांच्यासह त्यांनीं १९८७, १९९१ व १९९४ अशी तीन वेळां पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी सुमारें २,६५० मैलांची वाट तुडविली. दर फेरीस सामान घटविलें, पिशव्या स्वतः शिवल्या, आणि १९९२ सालीं आपला अनुभव ग्रंथरूपानें मांडला. १९९८ सालीं निघालेल्या गोलाइट या कंपनीनें त्यांच्या नमुन्यांवरून पिशव्या बाजारांत आणल्या, आणि बिनसांगाड्याची पिशवी हा विषय घरगुती शिवणकामांतून दुकानांत आला.

येथेंच बहुतेकांचा गैरसमज होतो. सांगाडा काढला म्हणजे ओझें हलकें झालें, असें नव्हे. ओझें आधीं हलकें झालें म्हणजे सांगाडा काढतां येतो. क्रम उलटा केला कीं फजिती ठरलेली. उत्साही मनुष्य प्रथम पांचशे ग्रॅमची सुबक पिशवी विकत आणतो, तींत पूर्वीचेंच चौदा-पंधरा किलो सामान कोंबतो, तिसऱ्या दिवशीं खांद्यांना चोळत बसतो आणि पिशवी करणाऱ्यास दोष देतो. पिशवी ही सर्वांत शेवटीं घेण्याची वस्तु आहे.

आधीं घरांतील तराजू घ्यावा, आणि नेण्याची प्रत्येक वस्तु तोलून वहींत टिपावी. अन्न, पाणी व इंधन वगळून जें भरतें त्यास मूळ वजन म्हणूं. तें दहा पौंडांच्या, म्हणजे सुमारें साडेचार किलोंच्या आंत असेल तर अशा सामानास अतिहलकें म्हणण्याचा प्रघात आहे. आतां पुढील बेरीज सोपी आहे. दर दिवसास सुमारें ८०० ग्रॅम कोरडें अन्न धरलें तर पांच दिवसांचे ४ किलो, दोन लिटर पाण्याचे २ किलो, मूळ वजन साडेचार, एकूण साडेदहा. बिनसांगाड्याची पिशवी साधारणपणें नऊ ते अकरा किलोंपर्यंत सुखानें वाहतां येते. म्हणजे हिशेब जेमतेम बसला! मूळ वजन साडेसात किलो असलेल्यानें हाच प्रयोग करूं नये. त्यानें आधीं तंबू, अंथरूण व पांघरूण या तीन मोठ्या वस्तूंकडे पाहावें, कारण किलो तेथें दडलेले असतात. दांतांच्या ब्रशाची दांडी कापून वाचतात ते ग्रॅम. आणि हेंहि ध्यानांत ठेवावें कीं पावसाचा अंगरखा, रात्रीचें उबेचें वस्त्र, नकाशा, विजेरी व औषधें गाळून साधलेला हलकेपणा हा हलकेपणा नव्हे, तो निष्काळजीपणा आहे.

या ठिकाणीं दुकानदार जें सांगत नाहीं तें सांगितलें पाहिजे. जुन्या दोन किलोंच्या पिशवीशीं तुलना केली तर बचत डोळ्यांत भरते. परंतु हल्लीं सांगाडा असलेल्या चांगल्या पिशव्याहि ८०० ग्रॅम ते एक किलो वजनांत मिळतात, आणि बिनसांगाड्याची पिशवी ३०० ते ६०० ग्रॅमची असते. म्हणजे खरी बचत चारशे ग्रॅमांच्या आसपास, अर्ध्या लिटर पाण्याहूनहि कमी. एवढ्यासाठीं खांदे दुखवून घेणें शहाणपणाचें नाहीं. ज्याचें एकूण ओझें बहुतेक दिवस नऊ किलोंच्या आंत राहतें, त्याला मात्र सांगाडा हें निव्वळ वाहून नेण्याचें लोखंड होय, मग तें ॲल्युमिनियमचें कां असेना!

पिशवी निवडतांना मनुष्याची उंची पाहून भागत नाहीं. पाठीची लांबी पाहावी लागते. दोन सहा फुटी माणसांत एकाचे पाय लांब व दुसऱ्याची पाठ लांब असूं शकते. मान पुढें वांकविली असतां तिच्या तळाशीं जो मणका वर येतो तेथून, दोन्ही हात कंबरेवर ठेवले असतां अंगठे जेथें मागें येतात त्या रेषेपर्यंत, दुसऱ्याकडून टेपानें मोजून घ्यावें. त्या मापाचीच पिशवी घ्यावी, कारण अशा पिशवींत मागाहून लांबी कमीजास्त करण्याची सोय बहुधा नसते. खांद्याचे पट्टे रुंद व किंचित्‌ मऊ असावेत. अतिहलक्या पिशव्यांचे पट्टे कधीं कधीं दोरीसारखे अरुंद असतात. तेथें काटकसर नको. छातीवरून आडवा जाणारा बारीक पट्टा अवश्य असावा. कंबरपट्ट्याविषयीं मतभेद आहे. सात किलोंच्या आंत तो नसला तरी चालतें. त्यावर असल्यास बरा, कारण तो थोडा भार घेतोच, शिवाय उतरणीवर पिशवी डोलूं देत नाहीं. आकारमान पस्तीस ते पंचेचाळीस लिटर पुरे. मोठी घेतली तर ती भरावीशी वाटते, आणि न भरली तर लुळी पडते, दोन्हीकडून नुकसान.

आणि लुळेपणा हाच या पिशवीचा खरा शत्रु. धान्याचें गच्च भरलेलें पोतें भिंतीशीं उभें राहतें, अर्धें पोतें मधें दुमडतें. हें ज्यानें पाहिलें आहे त्याला बिनसांगाड्याच्या पिशवीचें सारें शास्त्र कळलें. येथें सामान हाच सांगाडा. तो भरणारानें रोज सकाळीं नव्यानें उभारावयाचा असतो, आणि येथेंच कसब आहे. निजण्याची फोमची चटई यास फार उपयोगी पडते. एक रीत अशी कीं ती सैल गुंडाळी करून पिशवींत उभी सोडावी, आंतून उलगडूं द्यावी, म्हणजे पिशवीच्या भिंतींना ती अस्तरासारखी लागते, आणि मग मधल्या पोकळींत सामान भरावें. दुसरी, चटई घडी करून पाठीकडच्या बाजूस सपाट ठेवण्याची. तिनें जागा कमी जाते व पाठीस कोणतीहि वस्तु टोंचत नाहीं. हवा भरण्याची चटई असणारे तीच थोडी फुगवून पाठीकडे घालतात. फोमची जाडी पाहतां पहिली रीत मोठ्या पिशवीसच जमते.

त्यापूर्वीं आंत प्लास्टिकची एक मोठी, मजबूत थैली पसरावी. बाहेरून घालण्याचें पावसाळी आवरण वाऱ्यानें उडतें आणि पाठीकडून शिरणारें पाणी त्यानें अडत नाहीं. आंतील थैली दोन्ही दोष टाळते. तळाशीं रजई भरावी, तीहि वेगळ्या आवळ-पिशवींत न घालतां मोकळीच, म्हणजे ती कोपऱ्यांत शिरून सर्व रिकाम्या जागा भरते. छोट्या छोट्या थैल्यांचे गोळे केले कीं त्यांमध्यें फटी राहतात, आणि फट तेथें घडी पडते. तिच्यावर, पाठीला अगदीं लगटून व खांद्याच्या फऱ्यांच्या खालीं येईल असें, अन्न ठेवावें. सर्वांत जड तेंच असतें. जड वस्तु बाहेरच्या जाळीच्या खिशांत टाकल्यास ती पिशवीला मागें ओढते, चालणारा पुढें वांकतो, आणि संध्याकाळीं कंबर धरतो. तो खिसा ओला तंबू व वाळावयाचे मोजे यांसाठीं आहे. सर्वांत वर पावसाचा अंगरखा, आणि तोंड घट्ट गुंडाळून बंद.

पाण्याच्या बाबतींत आपल्या जुन्या पडशीची आठवण व्हावी. पडशीचा एक कप्पा पुढें व एक मागें लोंबतो, त्यामुळें भार आपोआप तोलला जातो. हल्लींचे दूरचे पांथस्थ अर्ध्या लिटरची एक-एक बाटली दोन्ही खांदेपट्ट्यांवर पुढें अडकवितात, त्यांतहि हेंच तत्त्व आहे.

पांच दिवसांचें अन्न रोज कमी होतें, आणि गंमत अशी कीं ओझें घटल्यानें पिशवी सुधारण्याऐवजीं कधीं कधीं बिघडते, कारण ती सैल पडते. अशा वेळीं तोंडाची गुंडाळी एक-दोन वेढे अधिक करावी, बाजूच्या दोऱ्या आवळाव्या, आणि पहिल्या दिवशीं दाबून बसविलेली रजई आतां फुलूं द्यावी. कंबरपट्टा नितंबाच्या हाडावरून खालीं सरकूं लागला किंवा खांद्यापाशीं पट्टा व अंग यांत फट पडली, तर पिशवी खचली असें समजून ती उतरवून पुन्हा भरावी. पांच मिनिटें जातात. न थांबल्यास दिवस जातो.

कांहीं प्रदेशांत ही पिशवी नेऊंच नये. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलच्या आरंभीं दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रुक्ष भागांत वीस-वीस मैल पाण्याचा भरंवसा नसतो. पांच-सहा लिटर पाणी घेतलें कीं मघाची बेरीज चौदा किलोंवर जाते. पुढें सिएरा नेवाडा पर्वतांत अनेक ठिकाणीं अस्वलांपासून अन्न राखण्यासाठीं कठीण प्लास्टिकचा डबा सक्तीनें न्यावा लागतो. पांच-सहा दिवसांच्या अन्नाचा डबा रिकामाच सुमारें सव्वा किलो भरतो, आणि गोल व टणक असल्यामुळें मऊ पिशवींत पाठीला टोंचतो. कित्येक अनुभवी लोक तेवढ्या टप्प्यापुरती सांगाड्याची पिशवी मागवून घेतात, आणि त्यांत कमीपणा मानीत नाहींत. सह्याद्रींतहि एप्रिल-मे महिन्यांत, गडावरचीं टाकीं आटलेलीं असतां, पाणी पाठीवरच न्यावें लागतें. तेथें हाच नियम. हिवाळ्यांतील दोन-तीन दिवसांच्या भटकंतीस मात्र ती उत्तम शोभते.

विकत घेण्यापूर्वीं, किंवा निदान परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं, खरें सामान भरून व बाटल्यांत पाणी घालून ती घेऊन चार मजल्यांचा जिना पांच-सहा वेळां चढावा-उतरावा आणि नंतर तासभर रस्त्यानें चालावें. दुकानांतील आरशापुढें सर्वच पिशव्या चांगल्या बसतात.

कापडाचे मुख्यतः दोन प्रकार. सिलिकॉनचा लेप दिलेलें नायलॉन स्वस्त व चिवट, पण ओलें झालें कीं थोडें सैलावतें. डायनीमा तंतूंचें पातळ पडद्यांमध्यें दाबलेलें कापड, जें मूळ शर्यतीच्या जहाजांच्या शिडांसाठीं निघालें, तें पाणी पीत नाहीं आणि ताणाला फार बळकट. परंतु किंमत जबर, व खडकावर घासल्यास वरचा पडदा झिजतो. कोणतेंहि घेतलें तरी बसतांना पिशवी जमिनीवर आपटूं नये, काटेरी झुडपांतून ओढूं नये. पट्टे जेथें शिवलेले असतात तेथील टांके दर चार-सहा दिवसांनीं तपासावे. उसवण्याची सुरवात तेथून होते. एक सुई, थोडा जाड दोरा आणि हातभर चिकटपट्टी एवढें सामान जवळ असावें. त्याचें वजन वीस ग्रॅमहि भरत नाहीं. हजार-दोन हजार मैलांच्या एका यात्रेंत कित्येक अतिहलक्या पिशव्या पार झिजून जातात, हें किंमत विचारतांना लक्षांत घ्यावें.