तीन इंचांच्या पडद्यावर घडणारं चित्र

'कलर्स!' या प्रोग्रॅममध्ये काढलेलं चित्र दोन तऱ्हांनी बघता येतं. एक, पूर्ण झालेलं. दुसरं, पहिल्या फटकाऱ्यापासून पुन्हा घडताना. या दुसऱ्या तऱ्हेत आधी कोरा आयत समोर येतो, त्यावर एक रुंद करडा पट्टा उमटतो, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि चित्रकाराचा हात ज्या क्रमाने चालला त्याच क्रमाने सगळं डोळ्यांसमोर होत जातं. पुसलेलं नाक, पुन्हा पुन्हा बदललेलं आभाळ, मधेच सोडून दिलेली खिडकी, काहीच लपत नाही. मी या प्रोग्रॅमवर बरीच वर्षं चित्रं काढली आणि इतरांची त्याहून कितीतरी जास्त पाहिली. रेखाटन मी शिकवणीत शिकलो होतो. पण काढलेलं चित्र सुधारायचं कसं, हे मला या पुन्हा घडणाऱ्या चित्रांनी शिकवलं.

हा प्रोग्रॅम येन्स अँडरसन या स्वीडिश गेम-प्रोग्रॅमरने 2007 मध्ये निंटेंडो डीएससाठी लिहिला. कंपनीने काढलेला तो खेळ नव्हता. हौसेखातर लिहून सगळ्यांसाठी फुकट खुला केलेलं ते काम होतं, आणि मेमरी कार्ड बसणारं वेगळं कार्ट्रिज लावूनच ते चालायचं. डीएस 2004 मध्ये आलेला, घडी घालून खिशात ठेवायचा खेळ. त्याचे दोन पडदे, प्रत्येक 256 बाय 192 ठिपक्यांचा. म्हणजे अख्खा कॅनव्हास 49,152 ठिपक्यांचा, आणि कर्णात मोजला तर जेमतेम तीन इंच.

त्या पडद्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. आजच्या फोनची काच बोट टेकल्याने विद्युतधारितेत होणारा बदल ओळखते. तुम्ही किती जोर लावला याचं तिला काही नसतं. डीएसच्या खालच्या पडद्यावर एक लवचीक पापुद्रा होता आणि त्याच्याखाली, केसभर अंतर ठेवून, काच. दोन्हींच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणारा थर. लेखणीने दाबलं की पापुद्रा वाकून काचेला टेकतो आणि कुठे टेकला ते यंत्राला कळतं. जास्त दाबलं तर टेकलेला भाग वाढतो आणि विजेला होणारा रोध बदलतो. बहुतेक खेळांना फक्त जागा हवी होती, रोधाचा आकडा ते वापरत नव्हते. अँडरसनने तो वापरला. त्यामुळे खेळण्यातल्या त्या प्लॅस्टिकच्या काडीने हलकं टेकवलं तर विरळ रंग, दाबलं तर दाट, असं खऱ्या कुंचल्यासारखं काम व्हायला लागलं. तेव्हा अशी दाब ओळखणारी पाटी संगणकाला जोडायची तर चांगले पैसे मोजावे लागत. माझा डीएस मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातला, आधी कुणीतरी वापरलेला होता.

काम चालायचं ते असं. उजव्या हातात लेखणी. डाव्या हाताने बटण दाबलं की रंग निवडायची चौकट उघडते. आधी छटा, मग ती किती उजळ आणि किती फिकी ते. कुंचल्याची जाडी आणि पारदर्शकता तिथेच. चित्रातलाच एखादा रंग टिपून घेता येतो आणि खरं काम त्याच्यावरच होतं, कारण दोन रंगांच्या सीमेवर अर्धपारदर्शक फटकारा मारायचा, जो मधला रंग तयार होईल तो टिपायचा आणि तोच पुढे वापरायचा, अशी साखळी चालू राहते. डीएसवरच्या त्या पहिल्या आवृत्तीत थर नव्हते. झाडामागचं आभाळ बदलायचं तर झाडावरूनच रंगवायचं आणि मग झाड पुन्हा उभं करायचं.

पडदा लहान असण्याचा मोठा फायदा म्हणजे आकार आधी बघावे लागतात. तीन इंचांत चेहरा म्हणजे एक उजेडाचा ठिपका आणि एक सावलीचा. तो ठिपका जागेवर नसेल तर पापण्या काढून काही उपयोग नाही. चित्र मोठं करून बघायची सोय आहे आणि बिघडायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते. डोळा पडदाभर मोठा केला की तो सुंदर होतो, पण चेहऱ्याशी त्याचं नातं तुटतं.

आता त्या पुन्हा घडण्याबद्दल. डीएसची मुख्य स्मृती अवघी 4 मेगाबाइट. इतक्या जागेत चित्राच्या जुन्या अवस्थांच्या प्रती साठवून ठेवणं परवडणारं नव्हतं. 'कलर्स!' प्रती साठवतच नाही. लेखणी कुठून कुठे गेली, किती दाबली, रंग कोणता होता, जाडी किती होती, एवढंच ते क्रमाने नोंदवत जातं. फाइल म्हणजे चित्र नव्हे, ते काढण्याच्या कृतींची यादी. म्हणून फाइल लहान राहते, आणि म्हणूनच संगणकावर नेऊन तेच फटकारे मूळच्या कितीतरी पट मोठ्या आकारात पुन्हा रंगवून घेता येतात, ठिपके न फाटता. लोक चित्रं एकमेकांना द्यायचे तेव्हा ही यादीच द्यायचे. दुसऱ्याचं चित्र मिळालं म्हणजे त्याच्या हाताची सगळी हालचाल मिळाली.

आपल्याकडे प्रात्यक्षिकाची मोठी परंपरा आहे. मिलिंद मुळीक जलरंगात रस्ता रंगवतात किंवा वासुदेव कामत समोर बसलेल्या माणसाचं व्यक्तिचित्र करतात, तेव्हा भोवती जमलेली मुलं श्वास रोखून बघत असतात. ते ज्याला लाभलं तो भाग्यवान. पण प्रात्यक्षिकात हात थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. इथे नेता यायचं. कुणा अनोळखी चित्रकाराची पावसातली गल्ली मी पहिल्यांदा उलगडून पाहिली, तेव्हा निम्म्या वेळापर्यंत त्यात गल्ली नव्हतीच. नुसते गडद निळे-तपकिरी डाग होते. दिवे, ओल्या रस्त्यावरचे उजेडाचे पट्टे, छत्रीची कड, हे सगळं अगदी शेवटच्या काही फटकाऱ्यांत आलं. उजेड शेवटपर्यंत राखून ठेवायचा, हे वाक्य मी पूर्वी अनेकदा ऐकलं होतं. किती वेळ राखायचा ते त्या गल्लीने दाखवलं.

सुधारणा सुचवायची रीतही त्यामुळे बदलते. पूर्ण चित्र समोर असलं की माणूस म्हणतो, मान लांब झाली आहे, रंग मळकट झालेत. खरं असतं, पण काढणाऱ्याने त्यावर करायचं काय? माझी भाची नववीत असताना तिने आजीचं चित्र काढून दाखवलं. चेहरा ओळखू येत होता, तरी आजी मुखवट्यासारखी दिसत होती.

"मामा, कुठे बिघडलंय ते सांग ना."

"आधी पहिल्यापासून लावू."

लावलं. सुरुवातीच्या मोजक्या फटकाऱ्यांतच डाव्या डोळ्याच्या बाहुलीतला चमकता ठिपकासुद्धा तयार होता. बाकीचा चेहरा अजून कोराच. पुढचं सगळं चित्र त्या डोळ्याला सांभाळत, त्याच्या अवतीभोवती रंगवलेलं. गाल डोळ्यापाशी येऊन थांबत होता, कपाळाची सावली भुवईला वळसा घालून जात होती. मग मी मान, रंग यांच्याबद्दल काही बोललो नाही. "इथे थांबव," म्हटलं, "आणि इथून पुढे डोळे अगदी शेवटी कर. खोबणीची सावली आधी टाक, दोन्ही बाजूंना एकदमच." तिने नवीन चित्र सुरू केलं. ते पहिल्याइतकं हुबेहूब नव्हतं, पण त्यात आजीचं डोकं गोल होतं आणि उजेड खिडकीकडून येत होता.

2012 मध्ये डीएसच्या पुढच्या पिढीतल्या थ्रीडीएसवर 'कलर्स! थ्रीडी' आलं, या वेळी रीतसर निंटेंडोच्या दुकानातून. खाली काढायचं आणि वरच्या पडद्यावर ते चष्म्याशिवाय खोलीसकट बघायचं. पाच थर, प्रत्येक थर पुढे-मागे सरकवता येणारा. यात नवं कसब लागलं. पुढचा थर पुढे ओढला की डाव्या-उजव्या डोळ्याला त्याच्यामागचं थोडं थोडं दिसायला लागतं, आणि तिथे काही रंगवलेलंच नसेल तर कडेला पांढरी फट दिसते. म्हणजे झाकलं जाणारंही रंगवायचं. थेट त्या खेळण्यावरून चित्र पाठवता येऊ लागलं, दुसऱ्यांची मागवून उलगडता येऊ लागली.

त्याच्या आधीपासून, डीएसचीच सुधारित आवृत्ती असलेल्या डीएसआयवर, निंटेंडोचंच 'फ्लिपनोट स्टुडिओ' होतं. जपानमध्ये 2008 च्या अखेरीस आणि बाहेर 2009 मध्ये आलेलं. हलतं चित्र काढायचं त्यात. काळा, पांढरा, तांबडा, निळा एवढेच रंग, दोन थर, जास्तीत जास्त 999 चौकटी. सेकंदाला 30 चौकटींच्या वेगाने त्याची जेमतेम 33 सेकंद होतात. क्योटोच्या हातेना कंपनीने ही हलती चित्रं पाठवायची-मागवायची सोय चालवली होती. इथे काढण्याचा क्रम दिसत नाही, पण दुसऱ्याची हलती चिठ्ठी उतरवून घेऊन तिच्या चौकटी उघडता येतात, बदलता येतात, पुढे वाढवता येतात. फाइलमध्ये मूळ करणाऱ्याचं नाव राहतं, आधीच्या बदलणाऱ्याचं राहतं आणि आताच्याचंही. कुणाला आपल्या चौकटींना हात लावू द्यायचा नसेल तर कुलूप लावायची सोय होती. उधारीची इतकी प्रामाणिक नोंद मी मोठ्यांच्या महागड्या साधनांत फार कमी पाहिली आहे. काडीच्या माणसांच्या मारामाऱ्या काढणारी मुलं उडीच्या आधीची वाकलेली चौकट दुसऱ्याच्या फाइलमध्ये शोधायची आणि पुढच्या आठवड्यात त्यांची माणसं उडी मारण्यापूर्वी वाकायची. 31 मे 2013 ला हातेनाची ती सेवा बंद झाली. आज चाहत्यांनी उभारलेली सुडोमेमो नावाची जागा जुन्या डीएसआयवर चालते.

'कलर्स!' 2021 मध्ये 'कलर्स लाइव्ह' नावाने निंटेंडोच्या स्विचवर आलं. स्विचचा पडदा फोनसारखा आहे, त्याला दाब कळत नाही. म्हणून हेडफोनच्या छिद्रात खोचायची सोनारपेन ही वेगळी लेखणी सोबत द्यावी लागली. स्वस्त पापुद्र्याने जे सहज दिलं होतं, ते परत मिळवायला एवढा खटाटोप.

आताच्या चित्रकलेच्या अनेक ॲपमध्येही घडण नोंदवली जाते. प्रोक्रिएट तर चित्र चालू असताना स्वतःहून चित्रफीत साठवतं. ती बाहेर काढताना दोन पर्याय येतात, पूर्ण लांबी किंवा 30 सेकंद. सगळे 30 सेकंदांची पाठवतात. चित्र फुलासारखं उमलतं, बघायला छान वाटतं, आणि हात कुठे अडखळला ते नेमकं त्यातून गळून जातं. माझ्याकडे कुणी चित्र दाखवायला पाठवलं तर मी पूर्ण लांबीची फीत मागतो, ती थांबवत थांबवत बघतो आणि कळवतो तो चित्रातला दोष नव्हे. ज्या मिनिटाला हाताने घाई केली ते मिनिट.