नवा कॅमेरा घेताना अंगठ्यालाही विचारा

दिवाळी झाली की लाखांदूर, अर्जुनी मोरगाव, वडसा या पट्ट्यात मंडई आणि शंकरपटाचे दिवस येतात आणि त्यांच्यासोबत झाडीपट्टीची नाटके. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. रंगमंचावर झगझगीत उजेड, बाकी मंडपात अंधार. कडेला बसलेला छायाचित्रकार डोळा व्ह्यूफाइंडरला लावून असतो. पात्र उजेडातून सावलीत गेले की तो आयएसओ वाढवतो, शटरचा वेग बदलतो, फोकस सरकवतो. पण कॅमेऱ्याकडे बघत नाही. बघायला गेला तर प्रसंग निघून जातो. पुढे लग्नसराईत हेच. शेवटची मंगलाष्टक संपून अक्षता पडतात तो क्षण पुन्हा मिळत नाही.

यातले अनेक जण सध्या जुना डीएसएलआर सोडून मिररलेस बॉडी घेण्याच्या बेतात आहेत. रक्कम लाखाच्या वर जाते, बहुतेकदा हप्त्यांवर. खरेदीची चर्चा मात्र मेगापिक्सेल, व्हिडिओ आणि किंमत यांपुढे क्वचित सरकते. बटणे कुठे आहेत आणि बॉडी हातात कशी बसते, हा प्रश्न आवडीनिवडीचा समजला जातो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो तसा नाही.

माणसाची स्मृती एकाच कप्प्यात नसते. नाव, पत्ता, कालचे जेवण ही एक स्मृती. सायकल चालवणे, विळ्याने कांदा चिरणे, न बघता बटण दाबणे ही दुसरी. दोन्हींची व्यवस्था मेंदूत वेगवेगळी आहे, हे एका रुग्णामुळे स्पष्ट झाले. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना नवे काही लक्षात राहीनासे झाले. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ त्यांच्याकडून आरशात बघून चांदणीची आकृती गिरवून घेत. हे आपण पूर्वी केले आहे, हे त्यांना आठवत नसे. हात मात्र दिवसेंदिवस सफाईने चालू लागला. सवयीची ही स्मृती मेंदूच्या खोल भागातील पेशीसमूह आणि लहान मेंदू यांच्या आधाराने घडते. ती हळूहळू बनते आणि सहजासहजी पुसली जात नाही.

दहा वर्षे एकाच कंपनीचा कॅमेरा वापरलेल्या माणसाच्या डोक्यात त्या बटणांचा नकाशा असा पक्का झालेला असतो. कंपनी बदलली की तो नकाशाच आडवा येतो. निकॉन आणि कॅनन यांच्या लेन्सची झूम रिंग एकमेकींच्या उलट दिशेने फिरते. लेन्स बसवण्या-काढण्याची दिशाही उलटी. निकॉनचा चालू-बंद खटका वर्षानुवर्षे शटर बटणाभोवती आहे, तर कॅननच्या अनेक बॉडींवर तो डाव्या खांद्यावर असतो. कागदावर हे किरकोळ वाटते. घाईत मात्र हात जुन्याच दिशेने जातो, कारण घाईत विचार मागे पडतो आणि सवय पुढे येते.

एकाच कंपनीत राहिले म्हणून सुटका होतेच असेही नाही. कॅननच्या आर ६ मध्ये चालू-बंद खटका वर डाव्या बाजूला होता. आर ६ मार्क २ मध्ये तो उजवीकडे गेला आणि डावीकडच्या जागी फोटो-व्हिडिओ बदलण्याचा खटका आला. जुन्या सवयीने कॅमेरा सुरू करायला गेलेले बोट कॅमेरा व्हिडिओवर टाकू शकते. सोनीने ए ७ मार्क ३ मध्ये व्ह्यूफाइंडरशेजारी असलेले व्हिडिओचे बटण मार्क ४ मध्ये वर, शटर बटणाच्या मागे नेले. दोन्ही बदलांमागे कंपनीचा काही विचार असेलच. बोटांना मात्र तो कळायला काही आठवडे लागतात.

अशा चुकीला निष्काळजीपणा म्हणायची आपल्याकडे घाई असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक धावपट्टीवर उतरल्यानंतर पंखांच्या झडपांऐवजी चुकून चाकेच आत घेत, आणि विमान पोटावर बसे. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि सारखेच होते. त्याने चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ बसवण्याचा उपाय काढला. न बघता, नुसत्या स्पर्शाने फरक कळू लागला. वैमानिक तेच होते.

कॅमेऱ्यालाही हेच लागू आहे. एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू असतात आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती बोटांच्या टोकांवर असते. चांगल्या बॉडीवर एखादे बटण उंच, दुसरे खोलगट, एखाद्यावर बारीक टिंब असते. एका ओळीत चार सारखी, सपाट, गुळगुळीत बटणे असली की ही सगळी संवेदना वाया जाते. त्यात झाडीतली डिसेंबरची रात्र. बोटे गार पडली की मज्जातंतूंतून जाणारा संदेश मंदावतो आणि स्पर्श बोथट होतो. घरात सहज सापडणारे बटण मंडपात सापडत नाही, ते यामुळे.

आता अंगठा. कॅमेरा धरताना तीन बोटे ग्रिपभोवती असतात, तर्जनी शटरवर आणि मागून आधार अंगठ्याचा. मागच्या पाठीवरची बहुतेक बटणेही अंगठ्याच्याच वाट्याला येतात. म्हणजे पकडायचेही त्यानेच आणि धावायचेही त्यानेच. बटण दूर असेल तर अंगठा ताणून बाहेर न्यावा लागतो, मनगट करंगळीकडे झुकते आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या दोन स्नायुबंधांवर घर्षण वाढते. ते ज्या अरुंद बोगद्यातून जातात त्याचे अस्तर जाड होऊन दुखू लागते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये ते नेहमी दिसते. हात वारंवार त्याच पद्धतीने वळवावा लागणाऱ्या कोणालाही ते होऊ शकते.

हलकी बॉडी घेतली की प्रश्न मिटतो, हा समज अर्धाच खरा आहे. निकॉनचा डी ८५० बॅटरीसह सुमारे एक किलोचा, तर सोनीचा ए ७ मार्क ४ सुमारे साडेसहाशे ग्रॅमचा. फरक मोठा आहे. पण पुढे जुनीच दीड किलोची ७०-२०० लेन्स अडॅप्टरने जोडली, तर सगळा भार पुढे जातो आणि उजव्या मनगटाला तो मागे खेचून धरावा लागतो. ग्रिप आखूड असेल तर करंगळी खाली लोंबकळते. मुठीच्या ताकदीत करंगळी आणि अनामिका यांचा वाटा मोठा असतो. करंगळी सुटली की उरलेली बोटे जास्त आवळावी लागतात. मोठ्या हाताच्या माणसाने जाड ग्रिप किंवा खाली जोडायची पट्टी यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

म्हणून घरबसल्या मागवण्याआधी एकदा दुकानात जावे, त्यासाठी नागपूरची खेप करावी लागली तरी. जाताना नेहमीची सर्वांत जड लेन्स सोबत न्यावी. ती लावून कॅमेरा डोळ्याला लावावा आणि डोळा न काढता आयएसओ, शटर, अ‍ॅपर्चर बदलावे, फोकसचा बिंदू एका कडेहून दुसऱ्या कडेला न्यावा. कॅमेरा पाच-दहा मिनिटे तसाच धरून ठेवावा. हातात घेतल्याच्या पहिल्या मिनिटाला प्रत्येक कॅमेरा छानच वाटतो. अंगठ्याला पकड सोडून कुठे जावे लागते, ते पाहावे. चाळिशी लागलेल्यांनी मेनूची अक्षरे चष्म्याशिवाय वाचता येतात का, हेही तपासावे. नाटकाच्या अंधारात चष्मा शोधत बसणे परवडत नाही.

घेतल्यावर पहिला प्रयोग एखाद्याच्या लग्नात करू नये. बहुतेक नव्या बॉडींमध्ये बटणांची कामे बदलता येतात, तेव्हा शक्य तितका जुना नकाशाच नव्यावर उतरवावा. रोज थोडा वेळ, डोळे मिटून, दोन-तीन आठवडे सराव करावा. एका कार्यक्रमात वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन बॉडी गळ्यात घालणे म्हणजे हातांना एकाच वेळी दोन उलट हुकूम देणे आहे.

दुखणे सुरू झालेच असेल तर अंगठा मुठीत धरून मनगट हलकेच करंगळीकडे झुकवावे. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर डॉक्टरांना दाखवावे. विश्रांती आणि अंगठ्यासह मनगटाला आधार देणारा पट्टा यांनी अनेकांना आराम पडतो. न पडल्यास इंजेक्शन आणि क्वचित छोटी शस्त्रक्रिया. फोकस मागच्या बटणावर ठेवला असेल तर तो काही काळ शटर बटणावर आणावा, अंगठ्याचे काम कमी होते. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल तर ते दुखणे वेगळे, मनगटातली नस दबल्याचे असू शकते. त्यासाठी मधुमेह आणि थायरॉईडची तपासणीही लागते. मलम चोळून सीझन काढू, म्हणणाऱ्यांचे पुढचे दोन सीझन जातात.

डावखुऱ्यांची अडचण मात्र वेगळीच आहे. जर्मनीच्या ड्रेस्डेन शहरात बनलेल्या, १९३६ च्या किने एक्झाक्टा कॅमेऱ्याचे शटर बटण डाव्या हाताला होते. आज बाजारातल्या जवळपास प्रत्येक बॉडीचे ते उजवीकडे असते. त्यामुळे डावखुऱ्याने दुकानात दहा मिनिटे जास्त मागून घ्यावीत, आणि दुकानदाराने ती कुरकुर न करता द्यावीत.