थंडीत गाडी बंद पडली म्हणजे टर्बो गेला असं नाही



मागच्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या आपल्या एका गटाची पिकअप सलग तीन दिवस पहाटे बंद पडली. गाडी गटाच्या नावावर आहे आणि बँकेचा हप्ता चालू आहे. पहाटे मेथी, पालक, कोथिंबीर भरायची आणि नाशिकच्या सोसायट्यांमध्ये थेट विकायची, हा या गटाचा धंदा. सेल्फ मारला की गाडी सुरू व्हायची, मिनिटभर चालायची आणि गचके देऊन बंद पडायची. नऊनंतर ऊन आलं की काही तक्रार नाही. पण तोवर भाजी कोमेजलेली आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून नीट पाहिलंही नाही. म्हणाला, "टर्बो गेला, चाळीस हजार धरून चला." बैठकीत दोन ठराव आले. बचतीतून पैसे काढायचे, आणि गाडी चालवणाऱ्या आपल्या ताईंना बदलून बाहेरचा ड्रायव्हर ठेवायचा. "बाईच्या हातात गाडी दिली की असंच होतं," असं गाव म्हणत होतंच, आता आपल्यातल्याही काहीजणी म्हणू लागल्या. मी त्या बैठकीत होते. मलाही इंजिनातलं काही कळत नव्हतं. एवढंच म्हटलं, दोन दिवस थांबू, दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू. त्या मिस्त्रीदादांनी जे समजावलं, ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

डिझेल इंजिनला थंडी का बाधते?

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते. आत हवा जोरात दाबली जाते, दाबल्यामुळे ती खूप तापते आणि तिच्यावर डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. थंडीत लोखंडही गार, हवाही गार. बॅटरीचा जोर कमी पडतो, इंजिन हळू फिरतं, मग हवा पुरेशी तापत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांत हीटर प्लग असतात. चावी फिरवल्यावर वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा लागतो, तो याचाच. तो विझेपर्यंत थांबायचं, मगच सेल्फ मारायचा. घाईत आपण इथेच चुकतो.

आणि टर्बो काय करतो?

इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा ढकलते. गाडी भरलेली असताना, चढावर, याचा उपयोग. नुसती सुरू करून उभी ठेवली असताना टर्बोला फारसं काम नसतं. म्हणून सुरू होताच जागच्या जागी बंद पडणाऱ्या गाडीत आधी टर्बोवर संशय घ्यायचा नाही. टर्बो बिघडला तर खुणा वेगळ्या दिसतात: चढावर ओढ न मिळणं, निळसर धूर, इंजिन ऑइल कमी होत जाणं, शिट्टीसारखा किंवा घासल्यासारखा आवाज.

धूर बघा, अर्धं उत्तर मिळतं

बंद पडताना मागे कोणाला तरी उभं करा.

• पांढरा धूर, डिझेलचा उग्र वास, इंजिन थरथरतं: डिझेल पोचतंय, पण जळत नाही. हीटर प्लग आणि बॅटरी तपासा. चारपैकी एक-दोन प्लग गेले तरी असं होतं.

• काळा धूर: हवा कमी पडतेय. एअर फिल्टर धुळीने भरलाय का ते पहा. टर्बोच्या रबरी पाइपाला चीर आहे का, त्याची क्लिप सैल आहे का तेही पहा. हे ठीक असेल तर ईजीआर व्हॉल्व काजळीने अडकलाय का ते मिस्त्रीकडून बघून घ्या.

• धूर जवळजवळ नाही, इंजिन उपाशी असल्यासारखं विझतं: डिझेलच पोचत नाही. फिल्टर तुंबलाय, फिल्टरमध्ये पाणी साचलंय किंवा लाइनमध्ये हवा शिरतेय.

पाणी येतं कुठून? अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आत दव धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. म्हणून थंडीत रात्री टाकी भरलेली ठेवावी. फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो, तो कसा सोडायचा ते सर्व्हिसिंगच्या वेळी समोर उभं राहून शिकून घ्या.

कोणी म्हणेल, डिझेल गोठलं असेल. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो आणि फार थंडीत तो घट्ट होऊन फिल्टर अडवतो, हे खरं. लडाखसाठी तर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणलं गेलं. निफाडची थंडी बोचरी असली तरी लडाखची नाही. आपल्याकडे आधी फिल्टर, पाणी आणि हवा बघायची.

आपल्या गाडीला काय झालं होतं?

धूर नव्हता. मिस्त्रीदादांनी फिल्टरवरचा हातपंप दाबला, तो मऊ लागला. म्हणजे आत हवा. फिल्टरखाली बोट फिरवलं तर डिझेलचा ओलावा. मागच्या सर्व्हिसिंगला फिल्टर बदलताना रबरी सील तिरकं बसलं होतं. गारव्यात रबर आकसायचं आणि फटीतून हवा शिरायची. लाइनमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी मिनिटभर चालायची, मग बंद. सील आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये लागले. टर्बोला काहीच झालं नव्हतं.

सगळ्यात लागलं ते पुढचं. चालक ताई हळूच म्हणाल्या, "पंप मऊ लागतोय हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." खरंच सांगितलं होतं. गॅरेजवाल्याने ऐकलं नाही, आणि आपणही ऐकलं नाही. पुढच्या बैठकीत ड्रायव्हर बदलायचा ठराव मागे घेतला आणि अध्यक्ष काकूंनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली.

हे करू नका

• डिझेल टाकीखाली किंवा इंजिनखाली जाळ करू नका.

• हीटर प्लग असलेल्या इंजिनात सुरू करण्याचा स्प्रे मारू नका, आत भडका होऊन इंजिन फुटू शकतं.

• बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि जीव जातो.

• इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप स्वतः सैल करू नका. त्यातल्या डिझेलचा दाब इतका असतो की फवारा कातडीत घुसतो.

• गार इंजिनला लगेच रेस देऊ नका. ऑइल टर्बोपर्यंत पोचायला अर्धा-एक मिनिट द्या. लांबून भरलेली गाडी आणल्यावरही बंद करण्याआधी मिनिटभर चालू ठेवा. याने टर्बो खरोखर टिकतो.

गटाने काय ठरवावं?

गाडीची वेगळी वही ठेवा. कधी बंद पडली, सुरू झाल्यावर किती वेळाने, धूर कसा, शेवटचा फिल्टर कधी बदलला, हे चालक ताईंनी सांगायचं आणि सचिवांनी लिहायचं. मोठा खर्च सांगितला तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय ठरावावर सही नको. बदललेला जुना भाग आणि पक्कं बिल मागून घ्या. कर्ज देताना आपण दहा प्रश्न विचारतो, मग गॅरेजवाल्याला दोन विचारायला काय हरकत आहे?

आणि गाडी रोज जिच्या हातात असते, तिचं म्हणणं आधी ऐका.