तेलाचा शेवट, सौरऊर्जेची सुरुवात आणि आपलं गायरान

मागच्या उन्हाळ्यात माहूर तालुक्यातल्या एका गावी विहारात तरुणांची बैठक होती. विषय शिष्यवृत्तीचा होता. तो संपल्यावर काळी-पिवळी चालवणाऱ्या एका मुलाने विचारलं, "जगातलं तेल पन्नास वर्षांत संपणार म्हणतात. मी आता कर्ज काढून स्वतःची गाडी घेऊ की नको?" पोरं हसली. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजींनी वेगळंच विचारलं, "आमच्या गायरानात सोलरच्या प्लेटा बसवणार हाईत म्हणं, खरं हाय का?" यावर मात्र कोणी हसलं नाही.

ऐकायला हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण ते एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत. तेल आणि कोळसा सोडून जग दुसऱ्या ऊर्जेकडे निघालं आहे. या प्रवासात आपला समाज कुठे उभा आहे, हे आपल्या तरुणांना नीट समजायला हवं. म्हणून हा लेख.

पन्नास वर्षांचा हिशेब

जगात काढता येण्यासारखं म्हणून नोंदवलेलं तेल साधारण १ लाख ७० हजार कोटी पिंप आहे. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. जग रोज सुमारे १० कोटी पिंप तेल वापरतं. भागाकार केला की ४७ वर्षं येतात. "पन्नास वर्षांत संपणार" हे वाक्य या भागाकारातून आलं आहे.

पण कणगीतलं धान्य मोजावं तसा हा आकडा नसतो. आजच्या भावात आणि आजच्या तंत्राने जे काढायला परवडतं, तेवढंच "साठा" म्हणून नोंदवलं जातं. भाव वाढला, नवं तंत्र आलं की आकडाही वाढतो. हबर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरेल. १९७० मध्ये तसंच झालं. पुढे खडक फोडून तेल काढण्याचं तंत्र आलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेने ते जुनं शिखरही ओलांडलं. म्हणजे अमुक तारखेला तेल संपेल, असं कोणी सांगू शकत नाही. आधी संपतं ते सोपं आणि स्वस्त तेल. उरतं ते खोल समुद्रातलं, घट्ट खडकातलं, काढायला महाग पडणारं.

आपल्या राज्याजवळचं उदाहरण बॉम्बे हायचं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, अरबी समुद्रात 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ मध्ये तेल शोधलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी ते वर्षाला सुमारे २ कोटी टनांवर पोचलं. त्यानंतर उतार लागला. तेलक्षेत्र जुनं झालं की आतला दाब कमी होतो, तो टिकवायला पाणी आत सोडावं लागतं आणि मग तेलाबरोबर जास्त जास्त पाणीच वर येतं. हे उत्पादन पुन्हा वाढावं म्हणून ओएनजीसीने २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक मदत घेतली. इकडे देशाची गरज वाढतच गेली. आज भारत आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो.

ज्याच्याकडे गाडी नाही, तोही तेल विकत घेतो

"आपल्याकडे ना गाडी ना ट्रॅक्टर, तेलाचं आपल्याला काय?" असं वस्तीत अनेकदा ऐकू येतं. हा मोठा गैरसमज आहे.

माहूरला रेल्वे नाही. किराणा, औषधं, सिमेंट, शाळेची पुस्तकं सगळं डिझेलवर येतं. डिझेल वाढलं की जीपचं भाडं वाढतं, नांगरटीचा दर वाढतो आणि मालक मजुरी वाढवताना हात आखडता घेतो. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. रस्त्याचं डांबर तेलातूनच निघतं. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली आणि घराघरात सिलिंडर पोचला. पण तो भरून आणायला पैसे नसले की आपल्या आया-बहिणी पुन्हा सरपणासाठी जंगलाची वाट धरतात. घरात टाकी आणि शेजारी पेटलेली चूल, हे दृश्य किनवट-माहूर भागात नवं नाही.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा काही महिन्यांत भाव सुमारे चौपट झाला होता. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, तेव्हाही भाव भडकले. दोन्ही वेळा युद्ध दूरच्या देशात होतं, झळ मात्र इथल्या चुलीला लागली. ज्यांनी तेल सगळ्यात कमी जाळलं, त्यांच्याच ताटातून त्याची किंमत आधी वसूल होते. यात निसर्गाचा दोष नाही, समाजाच्या रचनेचा आहे.

जग कुठे निघालं आहे?

डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जीवाश्म इंधनापासून दूर जाण्याचा शब्द पहिल्यांदाच सर्व देशांच्या ठरावात आला. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं आणि २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचं लक्ष्य ठेवलं आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत देशाच्या वीजक्षमतेचा निम्मा भाग बिगर-जीवाश्म झाला. मात्र क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. सूर्य रात्री नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत आजही सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक वाटा कोळशाचा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. तेलावर मुख्यतः वाहनं चालतात, विजेसाठी आपण कोळसा जाळतो. सौर वीज आधी कोळशाची जागा घेते. वाहनं आणि पंप विजेवर आले की मग तीच वीज डिझेलचीही जागा घेते. म्हणून तेलाची गोष्ट शेवटी विजेपाशी आणि वीज बनवण्याच्या जागेपाशी येऊन थांबते.

हा बदल मराठवाड्याच्या फायद्याचा ठरू शकतो. माहूरजवळून वाहणारी पैनगंगा पुढे वणी-घुग्घूसच्या कोळसापट्ट्यात जाऊन वर्धा नदीला मिळते. त्या पट्ट्यातल्या लोकांना कोळशाच्या धुळीचं मोल कोणी सांगायला नको. परळीचं औष्णिक वीज केंद्र तर २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळशाच्या विजेला भरपूर पाणी लागतं आणि तेच आपल्याकडे नाही. ऊन मात्र भरपूर आहे. त्यामुळे सौरऊर्जेला विरोध करण्याचं कारण नाही. ती कोणाच्या जमिनीवर उभी राहते आणि तिचा लाभ कोणाला मिळतो, हे मात्र विचारावंच लागेल.

बाबासाहेबांनी विजेकडे कसं पाहिलं

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद परिसरातल्या कोळसा खाणींना भेट दिली. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. वीज स्वस्त आणि मुबलक असावी, तिच्यावर सरकारची मालकी असावी, अशी त्यांची भूमिका होती. कारण उद्योग वाढले तरच गरीब माणूस दारिद्र्याच्या चक्रातून सुटेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

१९१८ च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधातही त्यांनी हेच मांडलं होतं की शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांनी उचलला पाहिजे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर मूलभूत उद्योग आणि शेतजमीन दोन्ही राज्याच्या मालकीचे असावेत आणि जमीन जातिभेद न करता कसायला द्यावी, असा आराखडा त्यांनी दिला.

आज या कसोटीवर सौर प्रकल्प तपासून पाहू. कारखाना आला तर जमीन जाते, पण हजारो हातांना काम मिळतं. सौर प्रकल्पात बांधकाम संपलं की प्लेटा धुणं, गवत काढणं आणि राखण एवढंच काम उरतं. म्हणजे जमीन जाते आणि तिच्या बदल्यात रोजगार येत नाही. बाबासाहेबांच्या गणितातला दुसरा भाग इथे गळून पडतो.

गायरान आणि प्लेटा

एक मेगावॅट सौर विजेसाठी साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चं उद्दिष्ट वाढत जाऊन १६ हजार मेगावॅट झालं आहे. म्हणजे ६४ ते ८० हजार एकर जमीन. योजनेचा हेतू चांगला आहे, शेतकऱ्याला पंपासाठी दिवसा वीज मिळावी. खासगी जमीन भाड्याने दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ मिळते. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने मिळते. आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान.

गायरान म्हणजे आपल्या समाजासाठी नुसतं कुरण नाही. १९५३ मध्ये मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह केला. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो भूमिहीन तुरुंगात गेले. पुढे बीड भागात एकनाथ आवाडांनी हीच लढाई नेली. या लढ्यांतून २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी गायरान कसणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर भूमिहीनांचा ताबा नियमित करण्याचं धोरण त्यात होतं. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची होती, पण अनेक कुटुंबांची नावं सातबाऱ्यावर आजही चढलेली नाहीत.

इथेच खरा धोका आहे. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला भाडं मिळेल. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला फक्त ५ टक्के रक्कम भरून पंप मिळतो, पण त्यालाही स्वतःची जमीन आणि पाण्याचा स्रोत दाखवावा लागतो. 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण त्याला स्वतःचं छत लागतं. ज्याच्याकडे सातबारा नाही, पक्कं छत नाही, तो तिन्ही योजनांच्या बाहेर. वर दोन पिढ्या कसलेली गायरानाची जमीनही त्याच्या हातून जाऊ शकते. बदल हरित असला म्हणजे तो आपोआप न्याय्य होतो असं नाही.

मग करायचं काय?

१. तलाठ्याकडून गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीची प्रत घ्या. वस्तीतल्या किती कुटुंबांच्या नोंदी १९९० पूर्वीच्या आहेत, याची यादी करा. दंडाच्या जुन्या पावत्या, पंचनामे, पीकपाहणीच्या नोंदी ट्रंकेतून बाहेर काढून त्यांच्या प्रती ठेवा.

२. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल गायरान वाचवण्यासाठी आहे. अतिक्रमण हटवताना त्याचाच आधार घेतला जातो. पण सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीचा अपवाद त्याच निकालात नमूद आहे. तो वाचा आणि अर्जात लिहा.

३. प्रकल्पाचा विषय ग्रामसभेत येतो तेव्हा हजर राहा. गट क्रमांक, क्षेत्र आणि कसणाऱ्यांची नावं ठरावात लिहायला लावा. माहूर-किनवट भागातली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला जादा अधिकार आहेत. आदिवासी बांधवांसोबत एकत्र बसा. आपले कागद वेगळे असले तरी त्यांची भीती आणि आपली भीती एकच आहे.

४. योजनेत ग्रामपंचायतीला प्रोत्साहन अनुदान मिळतं. त्यातलं वस्तीवर काय खर्च होणार, हे आधीच लेखी मागा. विहाराच्या, समाजमंदिराच्या छतावर सौर संच बसवण्याची मागणीही पुढे करता येईल.

५. आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियन, वायरमन मुला-मुलींनी सौर संच बसवण्याचं आणि विजेवरच्या गाड्या दुरुस्त करण्याचं काम शिकावं. 'सूर्यमित्र' प्रशिक्षण सौर संचांच्या कामासाठी आहे.

धम्माची दिशा

दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात तथागतांनी एक गोष्ट सांगितली आहे. राज्यात चोरी-लुटमार वाढली असताना राजाला मोठा यज्ञ करायचा होता. त्याच्या पुरोहिताने सल्ला दिला की शिक्षा करून हा त्रास मिटणार नाही. शेतकऱ्याला बियाणं आणि जनावरांना चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवकाला वेतन द्या. माणसं आपापल्या कामाला लागली की राज्य आपोआप शांत होईल. आज ऊर्जेच्या बदलाचा मोठा यज्ञ मांडला जातो आहे. त्यात आहुती कोणाच्या जमिनीची पडते आणि बियाणं कोणाच्या हाती येतं, हे विचारणं म्हणजे विकासाला विरोध करणं नव्हे. ते धम्माला धरूनच आहे.

त्या मुलाला मी सांगितलं की तुझ्या कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत तेल संपणार नाही. पण डिझेलचा भाव तुझ्या हातात नाही, म्हणून हिशेब दहादा कर आणि विजेवरच्या गाडीचं काम शिकून घे. आजींना विचारलं, "दंडाच्या पावत्या आहेत का?" त्या म्हणाल्या, "हाईत की, ट्रंकेत. मालकांनी जपून ठेवल्यात."

मालक जाऊन अकरा वर्षं झाली. पावत्या अजून आहेत. प्रत्येक गावातल्या अशा ट्रंका आपण उघडल्या पाहिजेत, प्रकल्पाचा बोर्ड लागण्याआधी.

जय भीम! नमो बुद्धाय!