जुना रेडिओ सेट घेताना, जागा करताना, ऐकताना

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर पुरुषांचं खूळ, आपल्याला काय करायचंय? पण जुने रेडिओ आपल्याच घरात पडून आहेत. कुणाच्या माळ्यावर सासऱ्यांचा मर्फी आहे, कुणाच्या कणगीमागे बुश नाहीतर फिलिप्स. भंगारवाला तो तराजूवर टाकून नेतो आणि आपण चार पैसे मिळाले म्हणून गप्प बसतो. शहरात मात्र असे सेट शोधत फिरणारे शौकीन आहेत. म्हणून जुना सेट कसा ओळखायचा, घेताना काय बघायचं, तो धोका न पत्करता कसा चालू करायचा आणि त्यावर ऐकायचं काय, हे आज सांगतो.

आधी एक फरक समजून घेऊ. तुम्ही आत्ता ऐकताय ते सामुदायिक रेडिओ केंद्र. इथून आम्ही बोलतो आणि तुम्ही ऐकता. आकाशवाणीचंही तसंच. 'हॅम' रेडिओ म्हणजे शौकिया रेडिओ. त्यात दोन्ही बाजूंची माणसं बोलतातही आणि ऐकतातही. एक जण गावातल्या खोलीत बसून शेकडो, कधी हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्याशी बोलतो. मध्ये मोबाइलचा टॉवर नाही, तार नाही, बिल नाही. असतो तो फक्त सेट, एरियल आणि परवाना. यातून पैसा कमवायचा नाही, हा त्याचा नियमच आहे.

या कामात बायका पहिल्यापासून आहेत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची हाक आली, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंदी आली. तेव्हा मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर तो लागायचा. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून जागा सारखी बदलत. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली आणि उषाताईंना १९४६ पर्यंत तुरुंगात राहावं लागलं. अलीकडचं उदाहरण भारती प्रसाद यांचं. डिसेंबर २००४ मध्ये त्या शौकिया रेडिओची तुकडी घेऊन अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला सुनामी आली, फोन बंद पडले. शौकासाठी नेलेल्या त्याच सेटवरून त्यांनी माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले. सेट चालू होता आणि तो चालवणारी बाई तयारीची होती, म्हणून हे झालं.

आता कायद्याचं. ऐकायच्या साध्या रेडिओला पूर्वी पोस्टातून परवाना काढावा लागे, आजींना ते पुस्तक आठवत असेल. तो परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. त्यामुळे घरगुती रेडिओ घ्यायला, विकायला, ऐकायला आज कुणाची परवानगी लागत नाही. मात्र निरोप पाठवणारा सेट, म्हणजे ट्रान्समीटर, परवान्याशिवाय बाळगणंही कायद्यात बसत नाही आणि चालवणंही नाही. म्हणून जुन्या बाजारात माइक लावायची जागा असलेला सेट स्वस्तात दिसला तरी आधी परवाना, मग सेट. हा क्रम उलटा करू नका.

आपल्याकडे जुने सेट साधारण तीन तऱ्हेचे दिसतात. पहिला, लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा घरगुती रेडिओ. त्यावर मीडियम वेव्हबरोबर शॉर्टवेव्हचे पट्टे असतात. दुसरा, दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेला लष्करी सेट. अमेरिकी विमानांतला बीसी-३४८ हा रिसीव्हर जगभरच्या शौकिनांनी असाच घेतला. तिसरा, १९७० नंतरचा, अर्धा ट्रान्झिस्टरचा आणि अर्धा व्हॉल्व्हचा, जसा याएसू कंपनीचा एफटी-१०१. तो बोलतोही, म्हणून त्याला परवाना हवाच. शिकायला सुरुवात करायची तर पहिल्या तऱ्हेचा सेट बरा.

घेताना काय बघायचं? विकणारा म्हणेल, 'ताई, लावून दाखवतो.' त्याला नको म्हणा. सेट बंद ठेवूनच मागचं झाकण उघडायला सांगा आणि या गोष्टी बघा.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. मागच्या पट्टीवर आकडा लिहिलेला असतो. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. अमेरिकी सेट बरेचदा ११० किंवा ११७ व्होल्टचे असतात, ते थेट आपल्या प्लगला लावले तर जळतात. बीसी-३४८ तर विमानातल्या २८ व्होल्टवर चालायचा. अशा सेटला वेगळा वीजपुरवठा करावा लागतो, तो खर्च आधीच धरा.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हच्या काचेवरचं अक्षर. इंग्रजी येत नसेल तरी हे तीन आकार मुलीकडून ओळखायला शिका. नंबर 'ई' ने सुरू होत असेल, जसं ईसीएच ८१ किंवा ईएल ८४, तर त्या सेटमध्ये बहुधा जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतो. तो सेट त्यातल्या त्यात बरा. नंबर 'यू' ने सुरू होत असेल, जसं यूसीएच ८१ किंवा यूएल ८४, तर सावध राहा. अशा सेटमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो, विजेची एक तार सरळ आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की तो सांगाडा, आणि कधी बटणाचा छोटा स्क्रूसुद्धा, जिवंत तार होतो. नंबर 'डी' ने सुरू होत असेल, जसं डीके ९६, तर तो बॅटरीवरचा सेट. वीज नसलेल्या गावांसाठी असे सेट येत. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ ऐकून चर्चा करणारी मंडळं चालवली होती. एकत्र बसून ऐकणं आपल्या गावांना नवं नाही.

तिसरी गोष्ट व्हॉल्व्हच्या काचेतला डाग. काचेच्या आत वर किंवा बाजूला आरशासारखा चकचकीत डाग दिसला तर ठीक. तोच डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह मेला.

चौथी गोष्ट उंदीर आणि वाळवी. तारांवरचं रबर चुरा होतंय का, स्पीकरचा कागद फाटलाय का, पेटीच्या लाकडात भोकं आहेत का, हे बॅटरी मारून बघा. बटण फिरवल्यावर काटा सरकत नसेल तर घाबरू नका, डायलचा दोरा तुटला असेल, तो बदलता येतो. पण आतलाच एखादा भाग काढून नेलेला असेल तर तसा दुसरा मिळणं कठीण असतं.

मुंबईत चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात असे सेट येतात. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत शोधता येतात. भाव सांगण्यात अर्थ नाही, तो सेट बघूनच ठरतो. पण हिशोबाची रीत आपल्याला येते. वहीत चार ओळी लिहा: सेटची किंमत, व्हॉल्व्हचा खर्च, कंडेन्सरचा खर्च, मेकॅनिकची मजुरी. चारही मिळून जेवढा आकडा होतो, तेवढ्याला तो सेट पडला. शौकासाठी गटाचं कर्ज काढू नका. आणि विकायची वेळ आली तर किलोवर देऊ नका. तांबं काढून, पेटी फोडून विकलेल्या सेटपेक्षा जसाच्या तसा असलेला सेट शौकिनाला जास्त मोलाचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्षानुवर्षं बंद पडलेला रेडिओ घरी आणला की कुणीतरी उत्साहाने प्लग लावतो. हे कधीही करू नका. आत कंडेन्सर नावाचे भाग असतात. काही मेणकागदाचे असतात, काहींमध्ये ओलसर रसायन असतं. इतक्या वर्षांत कागद गळका होतो आणि रसायन सुकतं. एकदम पूर्ण वीज सोडली की ते फुटतात, धूर निघतो आणि ज्याला भाग मिळत नाही तो ट्रान्सफॉर्मरही जळतो. माणसाला असलेला धोका त्याहून मोठा. चालू सेटच्या आत अडीचशे व्होल्टच्या आसपास वीज खेळत असते, एफटी-१०१ सारख्या बोलणाऱ्या सेटमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ती साठून राहते. म्हणून बंद सेटमध्येही बोट घालायचं नाही.

मग जागा कसा करायचा? जाणत्या मेकॅनिककडूनच. पण तो काय करतो हे आपल्याला कळलं पाहिजे, म्हणजे कुणी फसवणार नाही. आधी तो कोरड्या ब्रशने धूळ काढेल, पाणी लावणार नाही. तेव्हा नाकाला रुमाल बांधा. मग गळके कागदी कंडेन्सर काढून नवे, जास्त व्होल्टचे घालेल. शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या आधीचा कंडेन्सर सगळ्यात आधी बदलायचा, कारण तो गळला तर तो व्हॉल्व्ह तापून जातो. त्यानंतर सेट 'सिरीज बल्ब' वर लावेल, म्हणजे विजेच्या वाटेत एक जुना तारेचा ६० वॉटचा बल्ब जोडेल. एलईडी इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग वीज सेटमध्ये घुसत नाही, बल्बच ती अंगावर घेतो. हे न करता थेट प्लग लावणाऱ्या मेकॅनिकच्या हाती सेट देऊ नका. सेट 'यू' व्हॉल्व्हचा असेल तर मध्ये वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालायला सांगा, बटणांचे स्क्रू झाकून घ्या आणि मुलांचा हात पोहोचेल तिथे तो ठेवू नका.

व्हॉल्व्हचं काम जाणणारे मेकॅनिक आता म्हातारे झाले आहेत. तालुक्याला असा एखादा माणूस असेल तर सेट दुरुस्तीला देताना गटातल्या दोन मुलींना शेजारी बसवा. डाग कसा द्यायचा, मीटर कसा लावायचा, हे बघून येतं. डाग देताना शिसं हाताला लागतं, म्हणून काम झालं की हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावायचे नाहीत.

सेट जागा झाला की ऐकण्याची मजा. जुन्या घरांवर जाळीची एरियल असायची, आठवतं? तशी नसेल तर दहा-पंधरा मीटर तांब्याची तार उंचावर बांधा, पण विजेच्या तारांपासून लांब. पावसाळ्यात गडगडायला लागण्याआधीच एरियल सेटपासून काढून ठेवा. चार्जर आणि एलईडी दिवे जवळ असले की सेट खरखरतो, ते बंद करा.

शौकिनांचा एक पट्टा ७ मेगाहर्ट्झच्या वर, ४० मीटरचा. दुसरा १४ मेगाहर्ट्झचा, २० मीटरचा. दिवसा सूर्यामुळे वरच्या हवेत एक थर तयार होतो, तो खालच्या पट्ट्यांच्या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि ४० मीटरवर लांबलांबचे आवाज येतात. २० मीटर बहुतेक दिवसा चांगला चालतो. घरगुती रेडिओवर या लोकांचं बोलणं बदक बोलल्यासारखं येतं, ते सेटचं दुखणं नाही. त्यांची बोलण्याची पद्धत वेगळी असते, ते सरळ ऐकायला रिसीव्हरमध्ये 'बीएफओ' नावाची सोय लागते. लष्करी आणि हॅम सेटमध्ये ती असते. घरगुती सेटवर परदेशी केंद्रं आणि मीडियम वेव्हवर जिथे अजून चालू आहे तिथे आकाशवाणी मात्र स्वच्छ ऐकू येते. तारीख, वेळ, पट्टा आणि काय ऐकलं, हे वहीत लिहून ठेवा. शौकीन लोक अशा नोंदींवरून एकमेकांना ओळखपत्रासारखी कार्डं पाठवतात आणि ती जपून ठेवतात.

ऐकता ऐकता बोलावंसं वाटलं तर वाट मोकळी आहे. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेली मुलगी परीक्षा देऊ शकते. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याचा वायरलेस विभाग ती घेतो, अर्ज 'सरल संचार' या त्यांच्या संकेतस्थळावर होतो. परीक्षा दोन दर्जांची असते. खालच्या दर्जाला मोर्स, म्हणजे कडकट्टची भाषा, लागत नाही. परवाना मिळाला की स्वतःचं हाकनाव मिळतं, आपल्याकडे ते बहुधा व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होतं. ते नाव नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावावरून येत नाही, ते त्या बाईचं एकटीचं असतं. पूर येतो, दरड कोसळते, टॉवर पडतो, तेव्हा गावात असा एक सेट आणि तो चालवू शकणारी एक जण असली तर निरोप अडकून राहत नाही.

या महिन्याच्या बैठकीत एवढंच करा. कुणाकुणाच्या घरी जुना सेट आहे त्याची यादी करा, व्हॉल्व्हवरचं पहिलं अक्षर लिहून घ्या आणि मेकॅनिकने बघेपर्यंत कुणीही प्लग लावणार नाही असं ठरवा. ज्या मुलींना परीक्षेचं मनावर घ्यायचंय त्यांची नावं आमच्याकडे द्या, अर्ज आपण मिळून भरू.