हुग्गीची वाटी आणि सांगलीचा बाजार

कृष्णाकाठच्या जैन घरांत मंगलकार्याची पंगत बसली की पानात हुग्गीची वाटी असावी, असा पूर्वापार प्रघात आहे. खपली गहू कांडून तो भिजवायचा आणि मंद आचेवर फुटेपर्यंत शिजवायचा. दाणा मऊ झाल्यावरच गूळ घालायचा. गूळ आधी पडला तर दाणा कडक राहतो, हे जाणत्या गृहिणींना सांगावे लागत नाही. मग सुके खोबरे, वेलदोडा, सुंठ, बेदाणे, आणि वाढताना वरून दूध व साजूक तूप. कानडी मुलूख शेजारी असल्याने पदार्थाचे नावही कानडीच राहिले. मसाल्याचे जिन्नस आणि खोबरे सोडले, तर या वाटीतील सारे काही सांगली-कोल्हापूर परिसरातच पिकते. एका वाटीत अवघा मुलूख सामावावा, असे भाग्य फार थोड्या पक्वान्नांना लाभते.

अलीकडे मात्र लग्नसमारंभांच्या याद्यांतून ही वाटी मागे सरू लागली आहे. तिच्या जागी कोणत्याही शहरात सारख्याच चवीची मिळणारी मिठाई येते. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. ज्या मालाचा व्यापार करून या परिसरातील अनेक घराणी उभी राहिली, त्या मालाची चव त्याच घराण्यांच्या पुढच्या पिढीला अनोळखी होत चालली आहे. चव न ओळखणारा व्यापारी माल कशावरून पारखणार? उत्तर सरळ आहे: रंगावरून.

खपलीचेच पाहा. या गव्हाची मळणी झाली तरी दाण्याला टरफल घट्ट चिकटून राहते. ते काढण्यासाठी वेगळे कांडण करावे लागते. उतारा सुधारित वाणांपेक्षा कमी, कष्ट अधिक. तरीही तांबेऱ्यासारख्या रोगाला दाद न देणारे आणि खिरीला अनुपम असे हे धान्य कृष्णाकाठच्या काही शेतकऱ्यांनी टिकवून धरले. आज शहरांतून त्याला मागणी येत असताना गावच्या पंगतीतून ते नाहीसे व्हावे, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

गुळाची कथा याहून बोलकी आहे. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना मळी वर यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालण्याची जुनी रीत आहे. असा गूळ बहुधा तपकिरी छटेचा उतरतो. ग्राहकाला मात्र पिवळाधमक गूळ हवा असतो. भाव त्यालाच मिळतो. मग रंग उजळण्यासाठी रसायनांचा आधार घेतला जातो. दोष एकट्या गुऱ्हाळवाल्याचा नाही. ज्या बाजाराने रंगाला दर दिला, त्याचाही तो आहे.

बेदाण्याचेही तसेच. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा तयार होतो. तासगाव, कवठेमहांकाळ परिसरातील शेडमध्ये जाळ्यांच्या मांडवावर द्राक्षे साधारण दोन आठवडे सावलीत सुकतात. या काळात अवकाळी पावसाची एक सर आली तरी रंग काळवंडतो आणि वर्षाच्या कष्टाचा दर कोसळतो. रंग एकसारखा दिसावा म्हणून गंधकाची धुरी देण्याचाही प्रघात आहे. पुढे सौद्याच्या वेळी बॉक्स उघडून मूठमूठ माल पाहताना होणारी उधळण हा शेतकऱ्यांच्या तक्रारीचा जुना विषय आहे. अन्नाचा कण वाया जाऊ न देण्याचे संस्कार ज्या समाजात बालपणापासून होतात, त्या समाजातील खरेदीदारांनी तरी सौद्यात हात आवरून माल पाहिला, तर त्याचा परिणाम साऱ्या बाजारावर होईल.

याच बाजाराचा एक गुणही आवर्जून नोंदवण्यासारखा आहे. दिवाळीच्या सुमारास सौदे काही काळ थांबवून मागील सारी देणी चुकती करण्याची रीत येथे आहे. तिला व्यापारी ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. पैशाच्या व्यवहारात ज्यांनी असा स्वच्छ शिरस्ता बसवला, त्यांना मालाच्या बाबतीतही तो बसवता येणे अशक्य नाही.

हुग्गीशेजारच्या आमटीतील हळदीचा इतिहासही विश्वासाचाच आहे. ओली हळद कंद म्हणून वर्ज्य मानणाऱ्या घरांतही वाळलेल्या हळदीची पूड चालते, आणि तिची मोठी पेठ सांगली. हरिपूर परिसरात ही हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जाई. माल डोळ्यांआड, तोंड बंद, आणि व्यवहार केवळ शब्दावर. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले, मोठे नुकसान झाले आणि साठवण गोदामांकडे वळली.

या मालाला आता कायद्याने नाव मिळाले आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, तर हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. कोल्हापूरच्या गुळालाही ते आहे. पण मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून भाव वाढत नाही. १९९९ च्या कायद्यानुसार त्या नावाचा अधिकृत वापर करण्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र नोंदणी करावी लागते. येथे व्यापारी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कायद्यातील ‘उत्पादक’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ पिकवणारा नाही, तर माल प्रक्रिया करून बांधणारा आणि त्याचा व्यापार करणाराही येतो. अर्थात या नावाचा मान जसा व्यापाऱ्याचा, तशी जबाबदारीही त्याचीच. बाहेरचा माल सांगलीच्या नावाने पोत्यात भरला, तर प्रामाणिक शेतकऱ्याच्या हक्काचा भाव हिरावला जातो. अचौर्य व्रताचा अर्थ सांगताना चोरीचा माल घेणे, खोटी मापे वापरणे आणि चांगल्यात हलके मिसळणे हे दोष आचार्यांनी स्पष्टपणे सांगितले आहेत.

आरंभ मोठ्या भांडवलाने करावा लागेल असे नाही. घरच्या कार्यात हुग्गी ठेवावी आणि यादीत तिच्या नावापुढे खपलीचे, गुळाचे, बेदाण्याचे गाव लिहावे. दिवाळीच्या भेटीत सुक्या मेव्याचा डबा द्यायचाच, तर त्यावर बेदाणा कोणत्या गावचा आणि कोणत्या हंगामाचा, हे छापावे. गूळ घेताना पिवळेपणा न पाहता एक खडा जिभेवर ठेवून पाहावा. पेढीवर बसणाऱ्या तरुणांना सौद्याला नेण्याआधी एकदा बेदाण्याच्या शेडवर आणि एकदा गुऱ्हाळावर न्यावे. जिभेची पारख त्यांना आली, म्हणजे चवीलाही दर देण्याचे धैर्य येईल. आणि तो दर अखेर शेतापर्यंत पोहोचेल.