लघवी साफ होते, म्हणून किडनी ठीक?

‘लघवी साफ होते ना, मग किडनीला काय झालंय?’ हे वाक्य इतक्या खात्रीने बोललं जातं की तपासणीचा विषय तिथेच संपतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेली माणसंही याच भरवशावर वर्षं काढतात. हा भरवसा का चुकीचा, हे साध्या गणिताने कळतं. निरोगी किडन्या दिवसाला साधारण 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातले शंभरातले नव्याण्णव भाग पुन्हा रक्तात जातात आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. आता आजाराने गाळण्याचा वेग मिनिटाला 20 मिलिलिटरवर आला असं धरा. तरी दिवसाकाठी जवळपास 29 लिटर गाळले जातातच आणि त्यातून दोन लिटर लघवी सहज निघते. पाणी बाहेर पडतं, कचरा रक्तात साचत राहतो. शिवाय लघवी दाट करण्याची ताकद आधी कमी होते. त्यामुळे ती पाण्यासारखी फिकी दिसते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि नेमकं यालाच लोक ‘किडनी उत्तम चाललीय’ म्हणतात!

यावर उत्तर येतं, ‘पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे.’ क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. त्यामुळे कृश, वयस्क माणसात निम्मी किडनी गेली तरी आकडा मर्यादेत दिसू शकतो. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेला गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, बघावा लागतो. एम्सच्या डॉक्टरांनी दिल्लीतल्या 4972 प्रौढांची पाहणी करून 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हजारी जवळपास आठ जणांच्या किडन्या कायमच्या निकामी होत चालल्या होत्या. त्यांतल्या 41 टक्के जणांत कारण मधुमेह होतं, 22 टक्क्यांत उच्च रक्तदाब. क्रिएटिनिन 1.8 च्या वर असेल तरच तिथे रुग्ण धरला होता. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातली माणसं या मोजणीत आलेलीच नाहीत. थकवा, पायावर सूज, मळमळ, अंगाला खाज ही लक्षणं बहुधा फार उशिरा येतात. किडनी रक्तपेशी वाढवणारं संप्रेरकही बनवते, ते कमी पडलं की रक्त कमी होतं, आणि उपचार मात्र नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी चालू राहतात.

‘गेलेली किडनी परत येत नाही, मग आधी कळून उपयोग काय?’ हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. गेलेला भाग परत येत नाही हे खरंच. पण साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवले आणि लघवीतली प्रथिनं कमी करणारी औषधं वेळेवर मिळाली, तर उरलेला भाग पुष्कळ वर्षं टिकवता येतो. प्रथिनांची चाचणीही सोपी आहे. पिवळी पट्टी लघवीत बुडवायची. प्रथिनं असतील तर ती हिरवी पडते. अगदी सुरुवातीची गळती मात्र पट्टीला दिसत नाही, तिला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर लागतं.

बाकीचे समज थोडक्यात. भरपूर पाणी प्यायल्याने आजारी किडनी धुऊन निघत नाही. पुढच्या टप्प्यात तेच पाणी फुप्फुसात साठतं. प्रत्येक पाठदुखी किडनीची नसते, पण पाठदुखीवर रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या किडनी बिघडवू शकतात. ‘आयुर्वेदिक’ म्हणून घेतलेल्या अनोळखी भस्मात शिसं किंवा पारा असू शकतो. आणि डायलिसिस म्हणजे शेवट नव्हे. 1975 मध्ये दिल्लीत अटक झालेल्या जयप्रकाश नारायणांच्या किडन्या स्थानबद्धतेत निकामी झाल्या. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं, आणि त्याच्याच आधाराने त्यांनी मार्च 1977 मध्ये राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना शपथ दिली. ते गेले 1979 मध्ये.

मधुमेह, रक्तदाब किंवा घरात किडनीचा आजार असेल, तर वर्षातून एकदा ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन, दोन्ही तपासून घ्या. लघवी साफ होत असली तरीही.